आभासी गावात होर्डिंग लावू द्यायचं का?

तुम्ही तिघांनी कोकणातल्या गावासारखं एक ऑनलाइन आभासी जग उभं केलंय. लोक तिथे घरं बांधतात, अंगण सजवतात, संध्याकाळी बंदरावर गप्पांना जमतात. बहुतेक कॉलेजची मुलं आहेत, काही शाळेतलीही. सर्व्हरचा खर्च आता खिशातून झेपत नाही, आणि एका शीतपेय कंपनीने वर्षभराचा प्रस्ताव पाठवलाय: मुख्य रस्त्यालगत ४० होर्डिंग, शिवाय लॉगिन होताना पडदाभर तिची जाहिरात. हे घ्यावं का, आणि मुळात अशा जगात कंपन्यांच्या जाहिरातीला जागा असावी का, असं तुम्ही विचारलंय.

होर्डिंग घेऊ नका. कंपनीशी बोलणं मात्र तोडू नका, कारण तिला तुमच्या गावात इतरांसारखी राहायला जागा देता येईल. हे मी कशावरून म्हणते ते सविस्तर सांगते. २००७ पासून मी आभासी जगांत इमारती, दुकानं, बाजार बांधत आले आहे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम कंपन्यांच्या जाहिरातीच्या पैशावर झालंय.

तुमच्यापैकी एकाचं म्हणणं दिसतं की पैसा शिरला की असं जग बाटतं. माझा अनुभव उलटा आहे. लिंडन लॅब या अमेरिकी कंपनीने जून २००३ मध्ये सेकंड लाइफ हे आभासी जग खुलं केलं तेव्हा तिथे मिळवायला गुण नव्हते, जिंकायला शत्रू नव्हता. जमीन होती आणि तिच्यावर काहीही घडवायची साधनं होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की तुम्ही घडवलेल्या वस्तूवर हक्क तुमचाच राहील. तिथलं चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलता यायचं, साधारण अडीचशे ते पावणेतीनशे लिंडन डॉलरला एक अमेरिकी डॉलर. मग कुणी बूट करू लागलं, कुणी केस, कुणी चालायची-बसायची ढब विकू लागलं. व्यापार तिथे पहिल्यापासून होता आणि त्यानेच गाव भरतं राहिलं. दुकान काढणारा तिथेच राहायचा, शेजाऱ्याला ओळखायचा. प्रश्न सुरू झाला तो फक्त दिसण्यासाठी येणाऱ्यांपासून.

२००६ मध्ये ती लाट आली. जूनमध्ये अमेरिकन अ‍ॅपरलने सेकंड लाइफमधल्या लेरप्पा नावाच्या आभासी बेटावर कपड्यांचं दुकान थाटलं. बेटाचं नाव म्हणजे ‘अ‍ॅपरल’चं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलेलं. पाठोपाठ आदिदास, रीबॉक, निसान, टोयोटा, डेल, आयबीएम आले. स्टारवुडने अलॉफ्ट हॉटेल खरं उभं राहण्याआधी तिथे बांधून दाखवलं. रॉयटर्सने ऑक्टोबरमध्ये खास बातमीदार नेमला. वर्ष-दीड वर्षात यातली बरीच बेटं ओस पडली. अमेरिकन अ‍ॅपरलचं दुकान २००७ मध्ये बंद झालं, आणि त्याच वर्षी अलॉफ्टचं बेट स्टारवुडने तरुणांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकलं.

त्याच काळात पुण्यातल्या आमच्या चौघांच्या टीमने एका परदेशी कंपनीसाठी काचेचं दुमजली दालन बांधलं. उद्घाटनानंतरचा आठवडाभर मी विक्रेतीच्या अवतारात तिथे उभी राहायचे. आपल्याकडची सकाळ म्हणजे कॅलिफोर्नियातली रात्रीच्या जेवणानंतरची वेळ, चांगल्या वर्दळीची. एका सकाळी तीन तासांत दोघे आले. त्यातल्या एकाने विचारलं, “बसायला कुठे आहे?” आमच्या आराखड्यात दाराशी बाक होता. माल झाकला जातो म्हणून कंपनीने तो काढायला लावला होता. तो माणूस थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

शेजारच्या बेटावर एका गृहिणीचं बुटांचं दुकान होतं. तिथे शिरायला जागा नसायची. ती दर आठवड्याला नवा जोड आणायची, गिऱ्हाइकांना नावाने हाक मारायची, टाच नीट बसत नाही म्हटलं की तिथल्या तिथे दुरुस्त करून द्यायची. दुकानाबाहेर शेकोटी आणि सहा ओंडके होते बसायला. आमच्या दालनावर जितका खर्च झाला त्याच्या व्याजातही तिचं दुकान उभं राहिलं असतं. मी तिच्याकडून या धंद्याचं जेवढं शिकले तेवढं कुठल्या कंपनीच्या सादरीकरणातून शिकले नाही.

आता होर्डिंगकडे येते, कारण तुमचा प्रस्ताव त्याचाच आहे. खऱ्या रस्त्यावरचं होर्डिंग चालतं ते लोकांना कामावर जायला तोच रस्ता धरावा लागतो म्हणून. सेकंड लाइफमध्ये सुरुवातीला टेलिपोर्ट, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे क्षणात पोचणं, ठरावीक थांब्यांवरच व्हायचा. त्यांना टेलिहब म्हणत. थांब्यावर उतरायचं आणि पुढे उडत जायचं. साहजिकच थांब्याभोवती बाजारांची आणि फलकांची दाटी झाली, तिथल्या जमिनीला चढा भाव आला. २००५ च्या अखेरीला हव्या त्या जागी थेट उतरायची सोय झाली आणि थांब्यालगतच्या जमिनीचं महत्त्वच संपलं. रहिवाशांसाठी ती सोय वरदान होती. ज्यांनी थांब्याशेजारी पैसा ओतला होता ते मात्र कंपनीवर खवळले.

तुमच्या गावातही लोक नकाशावर बोट ठेवून थेट बंदरावर उतरतात, असं तुम्हीच लिहिलंय. मग मुख्य रस्त्यावरची ४० होर्डिंग बघणार कोण? पहिल्या तिमाहीचे आकडे कंपनीच्या हातात पडले की मागणी येईल: सगळ्यांना आधी मुख्य रस्त्यावर उतरवा. त्यानंतरची मागणी वळणाची असेल. खेळांमधल्या जाहिरातींचं मोजमाप फलक पडद्यावर किती मोठा आणि किती वेळ दिसला यावर चालतं. पूर्वीच्या मापदंडात एकूण १० सेकंद धरत, २०२२ पासून एक सेकंदही पुरतो. आकडा भरायचा तर रस्ता असा वळवायचा की चालणाऱ्याचं तोंड फलकाकडे व्हावं, आणि मधलं झाड काढायचं. मी स्वतः असा रस्ता वळवलेला आहे. तो वळल्यावर त्या चौकातला पार निरुपयोगी झाला, कारण तिथून आता काही दिसत नव्हतं. जाहिरात जगात एका बाजूला गप्प उभी राहते असं वाटत असेल तर ते खरं नाही. ती जगाचा आराखडा बदलायला लावते. मुंबईत होर्डिंग दिसावं म्हणून झाडांच्या बुंध्यात विष घातल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्यात. आभासी गावात झाड काढायला विषही लागत नाही, एक बटण पुरतं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते १६ चौरस मीटरच्या तुकड्यांनी. सेकंड लाइफचा एक प्रदेश २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, आणि जमिनीचा विकत घेता येणारा सगळ्यात लहान तुकडा चार मीटर बाय चार मीटरचा. काही लोकांनी असे शेकडो तुकडे घेतले, वस्तीच्या मधोमध, पाणवठ्याच्या तोंडाशी. प्रत्येकावर उंच, गरगर फिरणारा, झगझगीत फलक. त्यावर जाहिरात कशाची आहे याला फारसं महत्त्व नव्हतंच. शेजाऱ्याने वैतागून तो तुकडा अवाच्या सवा किमतीला विकत घ्यावा, हा धंदा. याला तिथे ‘अ‍ॅड फार्म’ म्हणत.

माझंही तिथे घर होतं. डोंगरउतारावर, कौलारू, समोर पाणी. आजीच्या घराची पडवी मी आठवून आठवून बांधली होती. एके सकाळी लॉगिन केलं तर पडवी आणि पाणी यांच्या मध्ये लाल-पिवळा खांब फिरत होता, घराच्या तिप्पट उंच. मी मालकाला निरोप पाठवला. उत्तरात फक्त किंमत आली, आजूबाजूच्या भावाच्या कितीतरी पट. मी ती दिली नाही. महिनाभराने घरच काढून टाकलं.

तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. आभासी घराला ऊन अडवायचं नसतं, पाऊस थोपवायचा नसतो. तिथे कुणी निवाऱ्यासाठी घर घेत नाही. घर घ्यायचं ते पडवीतून काय दिसतं त्यासाठी, आणि शेजारी कोण बसलंय त्यासाठी. वर्तमानपत्राच्या पानावर जाहिरात आली तर बातमी तिच्या शेजारी शाबूत राहते. आभासी जगात दिसणं हेच सगळं असतं. त्यावर फलक आला की खाली दुसरं काही उरत नाही. रहिवाशांनी आरडाओरडा केला, संघटित होऊन तक्रारी केल्या, आणि २००८ मध्ये लिंडन लॅबने अशा फलकांनी शेजाऱ्यांची पिळवणूक करण्याला बंदी घातली, पुढे फलकांवर आणखी निर्बंध आणले. तोवर बरेच जुने रहिवासी मेनलँड, म्हणजे सगळ्यांची सलग जमीन, सोडून खाजगी बेटांवर निघून गेले होते.

मग चांगली जाहिरात असते का? असते, आणि मी ती पाहिली आहे. जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक या गाड्यांच्या ब्रँडने २००६ मध्ये बेटं घेतली, पण स्वतःच्या दालनाभोवतीची जमीन गाड्यांचं वेड असलेल्या रहिवाशांना मोफत दिली: तुम्हाला शर्यतीचा ट्रॅक करायचाय, गॅरेज काढायचंय, काढा. तिथे लोक खरंच जमायचे. कोका-कोलाने २००७ मध्ये आपलं बेट बांधण्याऐवजी रहिवाशांमध्ये स्पर्धा ठेवली, की बाटलीऐवजी एखादा अनुभव देणारं व्हेंडिंग मशीन कल्पून दाखवा. अलॉफ्टने पाहुण्यांच्या सूचना ऐकून हॉटेलच्या खऱ्या आराखड्यात बदल केले. बेट गेलं, पण त्या भेटींचा उपयोग झाला.

जग कसलं आहे यावरही बरंच ठरतं. अ‍ॅनार्की ऑनलाइन या खेळात दूरच्या भविष्यातली कंपन्यांच्या राज्याखालची शहरं आहेत. तिथे भिंतीवर फलक असणं कथेला धरूनच होतं. डिसेंबर २००४ पासून तो बनवणाऱ्या फंकॉमने हा खेळ मोफत खुला केला. मोफत खेळणाऱ्यांना खऱ्या जाहिराती दिसायच्या, वर्गणी भरणाऱ्यांना नाही. सिटी ऑफ हीरोज या खेळाने २००८ मध्ये जाहिराती आणल्या त्या खेळाडूला बंद करता येतील अशा. या दोन्ही ठिकाणी व्यवहार स्वच्छ होता: काय मिळतंय, कशाच्या बदल्यात, आणि नको असेल तर काय करायचं. तुमचं गाव मात्र कौलारू घरांचं आणि माडांचं आहे. तिथे मुख्य रस्त्यावर प्रकाशमान शीतपेयाची बाटली उभी राहिली की पाहणाऱ्याच्या मनातून कोकण त्या क्षणी जाईल.

तुम्ही गणेशोत्सवाचा दाखला दिलाय: मंडळांच्या कमानींवर जाहिराती असतातच, त्या पैशातूनच देखावा होतो. दाखला चांगला आहे, फक्त पूर्ण बघा. कमान रस्त्यावर असते, मूर्तीसमोर नसते. दहा दिवसांनी उतरवायची असते, आणि ती वेळेत उतरली नाही तर लोक बोलतात. शिवाय मंडळाच्या अहवालातल्या जाहिराती बघा: आळीतला किराणावाला, शिंपी, दवाखाना. त्या वाचताना कुणाला आपल्या डोळ्यांवर आक्रमण झाल्यासारखं वाटत नाही, कारण ही माणसं रोज भेटणारी असतात.

मुलांबद्दल मी जास्त कडक आहे. माझी भाची नऊ वर्षांची असताना एका मोठ्या बुटांच्या कंपनीने बांधलेल्या आभासी मैदानात रोज खेळायची. जेवताना मी विचारलं, “ही जाहिरात आहे, माहितीय का तुला?” ती म्हणाली, “नाही गं मावशी, हा गेम आहे.” तिचं चुकत नव्हतं. टीव्हीवर मालिका थांबते आणि जाहिरात लागते, तो सांधा मुलाला कळतो. इथे सांधाच नसतो. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये ‘ट्रुथ इन अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या संस्थेने नेमकी हीच तक्रार रोब्लॉक्स या मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या ऑनलाइन खेळजगाबद्दल तिथल्या व्यापार आयोगाकडे केली, आणि २०२३ मध्ये रोब्लॉक्सने १३ वर्षांखालील मुलांना जाहिराती दाखवायच्या नाहीत असा नियम केला. मुलांच्या जगाला जाहिरातीवाचून जगता येत नाही, हेही कुणी सांगू नये. क्लब पेंग्विन हे मुलांचं आभासी जग जाहिरातींशिवाय, पालकांच्या वर्गणीवर वाढलं आणि डिस्नेने ते २००७ मध्ये ३५ कोटी डॉलरला घेतलं.

आपल्याकडचा कायदा तर वय १८ धरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणं याला मनाई करणारी तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या रचना दिल्या आहेत; जाहिरात आहे हे लपवून दाखवलेली जाहिरात हा त्यातलाच एक प्रकार. तुमच्याकडे शाळकरी मुलं आहेत, त्यामुळे हे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रस्तावाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘भेट देणाऱ्यांच्या हालचालींचा तपशील’ मागितलाय. माझ्या मते ४० होर्डिंगपेक्षा ही ओळ जास्त धोक्याची आहे. आभासी जगात माणूस कुठे थांबला, कशाकडे किती वेळ पाहिलं, कुणाशेजारी बसला, हे सगळं नोंदवता येतं. डोळ्यांवर लावायचा हेडसेट असेल तर शरीराची ढबही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की फक्त डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवरून ५० हजारांहून अधिक लोकांमधून एकेक जण ओळखता येतो, १०० सेकंदांची नोंद असेल तर ९४ टक्के अचूकतेने. जून २०२१ मध्ये फेसबुकने ब्लास्टन या खेळात हेडसेटमधल्या जाहिरातींची चाचणी जाहीर केली, तेव्हा खेळाडू इतके चिडले की खेळ बनवणाऱ्यांनी काही दिवसांत माघार घेतली. तुमचं जग अजून पडद्यावरचं आहे. तरीही बंदरावर कोण कुणाशी बोलत बसतं हे तुम्ही शीतपेय विकणाऱ्याला सांगणार आहात का? ती ओळ खोडा, मग बाकीचं बोला.

पैशाचं राहिलं. जाहिरातीवर उभं राहिलेलं जग जाहिरातदाराच्या तब्येतीवर जगतं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये मॅसिव्ह ही खेळांत जाहिराती लावणारी कंपनी विकत घेतली आणि २०१० मध्ये बंद केली. नाइके आणि लिव्हाइसच्या भागीदारीने गाजावाजात सुरू झालेलं देअर हे जगही २०१० मध्ये बंद पडलं. २०१२ मध्ये पुन्हा उघडलं ते रहिवाशांच्या मासिक वर्गणीवर. सेकंड लाइफ मुख्यतः जमिनीच्या मासिक शुल्कावर आणि व्यवहारांवरच्या शुल्कावर चालत आलंय, आणि वीस वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. तेव्हा तुमच्या सर्व्हरच्या बिलाचा मोठा भाग रहिवाशांकडूनच यायला हवा: मोठ्या अंगणाचं भाडं, दुकानदाराच्या विक्रीतला छोटा वाटा. लोकांना बिल उघड दाखवा आणि मागा. जे आपलं गाव मानतात ते देतात, असा माझा अनुभव आहे. फुकट जागा पहिल्यासारखीच ठेवा, म्हणजे कुणी बाहेर पडणार नाही.

कंपनीला उत्तर लिहाल तेव्हा होर्डिंग आणि लॉगिनचा पडदा दोन्ही नाकारा आणि दुसरं काही द्या. बंदरावर एक टपरी, बाकीच्या दुकानांएवढ्याच जागेत, कौलाच्या उंचीपेक्षा वर काही नाही. दारावर स्पष्ट मराठीत ‘ही कंपनीची जाहिरात आहे’ अशी पाटी. शाळकरी खात्यांना ती टपरी दिसायलाच नको. गोड पेयाच्या बाबतीत मी यात तडजोड करणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे कंपनीचा खरा माणूस हजर हवा, बोलणारा, आणि तो कंपनीचा आहे हे त्याच्या नावासोबत दिसलं पाहिजे. त्यापलीकडे पैसे द्यायचे असतील तर गावात तुम्ही दशावताराचा मंच उभारणार आहात, त्याचा खर्च त्यांनी उचलावा. मंचाच्या मागच्या बाजूला त्यांचं नाव, जत्रा संपली की पाटी खाली. करार तीन महिन्यांचा करा, वर्षाचा नको, आणि मुदत वाढवण्याआधी बंदरावर बसणाऱ्यांना विचारा.

त्यांनी हे मानलं नाही, तर त्यांना तुमच्या गावात राहायचं नव्हतं एवढं कळेल. मानलं, तर टपरीसमोर दोन बाक ठेवायला सांगा, आणि ते करारात लिहून घ्या. माल झाकला जातो म्हणून कुणीतरी ते काढायला सांगेलच.